सोसायटीची राखण : नियोजन आणि देखभाल

साकीनाका हे नाव पूर्वी गाळे, वर्कशॉप आणि झोपड्या यांच्यासाठीच घेतले जात असे. अंधेरी-कुर्ला रोड आणि साकी विहार रोड जेथे मिळतात त्या चौकापासून खैरानी रोड, मोहिली, चांदिवलीपर्यंत कष्टकऱ्यांची दाट वस्ती होती आणि मोठ्या प्रमाणात अजूनही आहे. परंतु झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण डिसेंबर १९९५ मध्ये स्थापन झाल्यानंतर आणि विशेषतः २०१४ साली मेट्रो सुरू झाल्यानंतर येथील चित्र झपाट्याने बदलत गेले. आपल्यापैकी अनेक कुटुंबे चाळीतून आणि झोपडीतून सात मजली, चौदा मजली इमारतीत राहायला गेली. घर पक्के झाले, नावावर झाले. त्या घराची राखण कोणी करायची हा प्रश्न मात्र बिल्डर निघून गेल्यावरच आपल्या लक्षात आला.

वस्तीत राखणीसाठी वेगळा माणूस ठेवावा लागत नसे. ओट्यावर बसलेल्या आजी, नळावरची गर्दी, रात्रपाळीहून परतणारे कामगार, गल्लीच्या तोंडाशी कॅरम खेळणारी पोरे हीच वस्तीची राखण होती. नवखा माणूस गल्लीत शिरला की "कोण पाहिजे?" हा प्रश्न दहा पावलांत त्याच्या कानावर येई. इमारतीत आल्यावर दारे बंद झाली आणि ही फुकटची राखण संपली. चौथ्या मजल्यावर दुपारी दोन वाजता कोण चढून गेले हे तिसऱ्या मजल्याला कळत नाही. तेव्हा जे काम पूर्वी शेजार करीत असे ते आता ठरवून, पैसे खर्चून आणि देखरेख ठेवून करावे लागते. ते कसे करावे याविषयी आमच्या अनुभवाच्या काही गोष्टी या स्मरणिकेच्या निमित्ताने मांडत आहोत. आम्ही लिहिणारे काही जण गृहनिर्माण संस्थांच्या कमिटीवर काम केलेले आहोत आणि आमच्यापैकी दोघांनी उमेदीची वर्षे सुरक्षा रक्षकाच्या गणवेशात काढली आहेत. त्यामुळे गेटच्या दोन्ही बाजूंनी हा विषय पाहण्याची संधी आम्हास मिळाली.

प्रथम पैशाचे बोलू, कारण कमिटीच्या बैठकीत शेवटी गाडी तेथेच अडते. पुनर्वसन योजनेत इमारतीच्या देखभालीसाठी विकासकाने प्रत्येक घरामागे ठरावीक रक्कम भरावयाची असते. सुरुवातीच्या नियमांत ती २०,००० रुपये होती. शंभर घरांची इमारत धरली तर २० लाख रुपये झाले. सात टक्के व्याज मिळाले तर वर्षाला १,४०,००० रुपये, म्हणजे महिन्याला साडेअकरा हजारांच्या आसपास. त्यातून लिफ्ट, जिन्यातील दिवे, पाण्याचा पंप आणि सफाई भागवायची. एका वॉचमनचा योग्य पगारसुद्धा त्यातून निघत नाही. उरलेला भार सभासदांवर येतो. येथे एक नियम विद्यार्थी मित्रांनी घरातील वडीलधाऱ्यांना अवश्य सांगावा. वॉचमनचा पगार हा सेवा शुल्कात मोडतो आणि सेवा शुल्क घराच्या आकारावर ठरत नाही, ते सर्व घरांना सारखेच विभागले जाते. २९ एप्रिल २००० च्या शासन आदेशाने हे स्पष्ट केलेले आहे. पहिल्या मजल्यावर राहतो म्हणून लिफ्टचे देणार नाही, माझ्या घरात चोरण्यासारखे काही नाही म्हणून वॉचमनचे देणार नाही, हे युक्तिवाद आम्ही पुष्कळ ऐकले. ते नियमात बसत नाहीत.

पैसा कमी असला म्हणजे नियोजनाची गरज अधिक. परंतु आपल्याकडे उलट होते. शेजारच्या इमारतीत चोरी झाली की दुसऱ्या दिवशी वर्गणी काढून आठ कॅमेरे बसवले जातात. कुठे बसवले, का बसवले, याची चर्चा होत नाही. आमचे म्हणणे असे की आधी एक शंभर पानी वही घ्यावी आणि इमारतीला दोन फेऱ्या माराव्यात, एक दुपारी आणि एक रात्री दीडनंतर. सोबत एक महिला सभासद आणि एक शाळकरी मुलगा अवश्य घ्यावा. महिलांना कोणत्या कोपऱ्याची भीती वाटते ते पुरुषांच्या ध्यानात येत नाही आणि कुंपणाच्या कोणत्या भगदाडातून चेंडू आणायला जाता येते हे पोरांनाच ठाऊक असते.

या फेरीत काय पाहायचे? आत येण्याच्या सर्व वाटा, केवळ गेट नव्हे. मागच्या भिंतीला टेकून ठेवलेल्या टपऱ्या, शेजारच्या गाळ्याचे पत्रे, डक्टमधून वर गेलेले पाइप, रंगकामासाठी बांधलेल्या आणि काम संपूनही न सोडलेल्या पराती. मीटर रूमला कुलूप आहे का, पंप रूमचे दार लागते का, जमिनीखालच्या पाण्याच्या टाकीचे झाकण कोणी उचलू शकेल का. जिन्यात कोणत्या मजल्यावरचा दिवा गेला आहे. हे सर्व वहीत लिहून झाले की त्यातील अर्ध्याहून अधिक दुरुस्त्या फार थोड्या पैशांत होणाऱ्या आहेत असे दिसून येते. एक कडी, एक बल्ब, टाकीच्या झाकणाला कुलूप. मीटर रूमकडे आम्ही विशेष लक्ष वेधू इच्छितो. ऑगस्ट २०१२ मध्ये वडाळ्याच्या एका मोठ्या इमारतीत एका तरुण वकील महिलेचा खून झाला. खुनी त्याच इमारतीचा पहारेकरी होता. त्याने तिच्या घराची वीज मुद्दाम बंद केली, दुरुस्तीला आलेल्या इलेक्ट्रिशियनसोबत घरात जाऊन चावी उचलली आणि नंतर त्या चावीने आत शिरला. २०१४ साली त्यास जन्मठेप झाली. ती इमारत गरिबांची नव्हती आणि तेथे पहाराही होता. मीटर कोणाच्या हाती, चावी कोणाच्या हाती आणि पहारेकरी कोण, या तीन साध्या प्रश्नांवर ती घटना घडली.

सुरक्षेचे शास्त्र तसे फार अवघड नाही. चोराला आत येण्याचे धाडस होऊ नये, आला तर लगेच दिसावा, दिसल्यावर त्याला आत पोहोचायला वेळ लागावा आणि तेवढ्या वेळात कोणीतरी मदतीला पोहोचावे. कुलूप, ग्रिल, दरवाजा हे सर्व केवळ वेळ विकत घेतात. चांगले कुलूप तोडायला दहा मिनिटे लागत असतील आणि त्या दहा मिनिटांत कोणाला जागच येणार नसेल तर त्या कुलपाचा उपयोग शून्य. कॅमेऱ्याचेही तसेच आहे. कॅमेरा पाहतो, पण धावत नाही. म्हणून आमच्या मते खर्चाचा पहिला हक्क उजेडाचा, दुसरा माणसाचा आणि तिसरा कॅमेऱ्याचा. आपल्याकडे हा क्रम बहुधा उलटा लावला जातो.

पहारेकरी

आता माणसाचा विचार करू. दिवसाचे २४ तास आणि आठवड्याचे सात दिवस गेटवर एक माणूस हवा असेल तर आठवड्याचे १६८ तास होतात. एका माणसाने ४८ तास काम करायचे म्हटले तर साडेतीन माणसे लागतात. तीन पाळ्यांचे तीन आणि सुट्टीच्या बदलीसाठी अर्धा. प्रत्यक्षात किती सोसायट्या साडेतीन माणसांचा पगार देतात? दोन माणसे ठेवली जातात, बारा-बारा तासांची पाळी लावली जाते आणि साप्ताहिक सुट्टी नसते. म्हणजे प्रत्येकी ८४ तास. त्यातील एक आजारी पडला की दुसरा सलग २४ तास उभा. मग पहाटे चारला तो खुर्चीत झोपलेला आढळला की कमिटीचे सदस्य मोबाईलवर त्याचा फोटो काढतात आणि ग्रुपवर टाकतात.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे मंत्री होते. कारखान्यातील कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आणणारी १९४६ ची दुरुस्ती त्यांच्याच कारकिर्दीतील आहे. त्यांची जयंती ज्या पटांगणात आपण साजरी करतो त्याच पटांगणाच्या गेटवर बसणारा माणूस ८४ तास काम करीत असेल तर ते आपल्याला खुपले पाहिजे असे आम्हास वाटते. शिवाय तो माणूस बहुतेक वेळा आपल्यापैकीच कोणाचा तरी भाऊ किंवा मुलगा असतो. आणि व्यवहाराने पाहिले तरी झोप न मिळालेला माणूस राखण करू शकत नाही.

महाराष्ट्रात पहारेकरी नेमण्याच्या दोन मुख्य वाटा आहेत. पहिली सुरक्षा रक्षक मंडळाची. १९८१ साली महाराष्ट्राने खासगी सुरक्षा रक्षकांच्या नोकरीचे नियमन व कल्याण यांसाठी स्वतंत्र कायदा केला आणि त्यानुसार मंडळे स्थापन झाली. संस्थेने पगार आणि त्यावरील ठरावीक लेव्ही मंडळाकडे भरायची आणि मंडळाने रक्षकाला पगार, भविष्य निर्वाह निधी, रजा इत्यादी द्यावयाचे, अशी ही पद्धत आहे. दुसरी वाट खासगी एजन्सीची. तिच्यासाठी २००५ चा केंद्रीय कायदा आहे. इंग्रजी आद्याक्षरांवरून एजन्सीवाले त्याच्या परवान्याला 'पसारा लायसन' म्हणतात. मराठी माणसाला हे नाव ऐकून हसू येते, परंतु लायसन मात्र डोळ्यांनी पाहिल्याखेरीज करार करू नये. रक्षकाचे वय १८ ते ६५ असावे, त्याची चारित्र्य पडताळणी झालेली असावी, त्याने प्रशिक्षण घेतलेले असावे आणि त्याच्याकडे छायाचित्रासह ओळखपत्र असावे, अशा त्या कायद्याच्या अटी आहेत. २००६ च्या नमुना नियमांत १०० तास वर्गातील आणि ६० तास प्रत्यक्ष असे प्रशिक्षण ठरविले होते. आमच्यातील जे दोघे रक्षक होते त्यांना किती प्रशिक्षण मिळाले असे विचारल्यावर ते म्हणाले, "टोपी आणि शिट्टी दिली, आणि गेट दाखवले."

सर्वात स्वस्त दर देणाऱ्या एजन्सीला काम देण्याची आपल्याला सवय आहे. दर कमी कसा झाला हे कोणी विचारत नाही. कायद्याने ठरलेले किमान वेतन, भविष्य निर्वाह निधी, राज्य विमा आणि सुट्टीच्या बदलीचा खर्च यांची बेरीज कागदावर मांडली आणि एजन्सीचा दर त्याहून कमी निघाला, तर तो फरक रक्षकाच्या पोटातून निघणार हे उघड आहे. दर महिन्याच्या बिलासोबत निधी भरल्याच्या पावत्या आणि पगार बँकेत जमा झाल्याचा पुरावा मागावा. तसे करारात लिहून घ्यावे.

रक्षकाला काय काय लागते? पावसात भिजणार नाही अशी केबिन, रात्री जाण्यास शौचालय, प्यायचे पाणी, टॉर्च, रेनकोट आणि लेखी सूचनांचा एक कागद. या कागदाला आम्ही सर्वात जास्त महत्त्व देतो. काय झाले तर कोणाला फोन करायचा, पोलीस ११२, अग्निशमन दल १०१, लिफ्टवाल्याचा नंबर, पंप कुठे बंद करायचा, मीटर रूमची चावी कोणाकडे, हे मराठीत आणि हिंदीत मोठ्या अक्षरांत लिहून केबिनमध्ये लावावे. गाड्या धुणे, सिलिंडर वर चढवणे, सेक्रेटरींच्या घरची भाजी आणणे ही कामे त्या कागदावर नसावीत. त्या वेळात गेट मोकळे राहते.

एका फोनचे महत्त्व साकीनाक्याला वेगळे सांगायला नको. १० सप्टेंबर २०२१ च्या पहाटे खैरानी रोडवर एका महिलेवर अमानुष अत्याचार झाला. त्याची खबर पोलिसांना दिली ती जवळच्या एका कंपनीच्या वॉचमनने, नियंत्रण कक्षाला फोन करून. त्यानंतर सुमारे दहा मिनिटांत पोलीस पोहोचले. दुर्दैवाने त्या भगिनीचे प्राण वाचले नाहीत. परंतु आरोपी सीसीटीव्ही चित्रणाच्या मदतीने काही तासांतच पकडला गेला आणि जून २०२२ मध्ये सत्र न्यायालयाने त्याला फाशीची शिक्षा सुनावली. आपल्या गेटवरचा माणूस पहाटे तीनला जागा असेल का, त्याच्या फोनमध्ये बॅलन्स असेल का, आणि पोलिसांना फोन केला म्हणून उद्या कमिटी आपल्यालाच ओरडणार नाही असा भरवसा त्याला असेल का, हे ती बातमी वाचताना आम्ही एकमेकांना विचारले होते.

अजून एक गोष्ट लिहिणे भाग आहे. आपली मुले कुरियर घेऊन, जेवणाचे पार्सल घेऊन पवई-चांदिवलीच्या टॉवरांत जातात तेव्हा गेटवर त्यांना कसे वागवले जाते याचा अनुभव प्रत्येक घरात आहे. वेगळी लिफ्ट, वेगळा जिना, आडनाव विचारून मग वर सोडणे. आता आपण स्वतः इमारतीचे मालक झालो, तर आपल्या गेटवर तेच घडते की नाही हे पाहावे. ओळख विचारणे हे सुरक्षेचे काम आहे. नाव, कोणाकडे जायचे, वेळ आणि फोन नंबर एवढे पुरेसे आहे आणि ते घरकाम करणाऱ्या बाईंना आणि मोटारीतून येणाऱ्या पाहुण्यांना सारखेच विचारले पाहिजे. मोटारीला सलाम आणि पायी येणाऱ्याला दरडावणी अशी पद्धत असलेल्या ठिकाणी लबाड माणूस मोटारीतूनच येतो.

कॅमेरे

कॅमेऱ्याविषयी विक्रेते पुष्कळ सांगतात, हिशेब मात्र सांगत नाहीत. तो विद्यार्थ्यांनी स्वतः करून पाहावा. साधारण २ मेगापिक्सेलचा एक कॅमेरा सेकंदाला २ मेगाबिट इतके चित्रण साठवतो असे धरू. ८ बिट म्हणजे एक बाइट, तेव्हा सेकंदाला पाव मेगाबाइट झाले. दिवसाचे ८६,४०० सेकंद, म्हणून एका कॅमेऱ्याचे दिवसाला सुमारे २१.६ गिगाबाइट. आठ कॅमेऱ्यांचे जवळजवळ १७३ गिगाबाइट. विक्रेत्याने दिलेली हार्ड डिस्क १ टेराबाइटची असेल तर ती सहा दिवसांच्या आत भरते आणि मग जुन्यावर नवे लिहिले जाते. गावाला गेलेले कुटुंब पंधरा दिवसांनी परत येऊन चोरी झाल्याचे सांगते, तेव्हा ते चित्रण केव्हाच पुसले गेलेले असते. तीस दिवसांचे हवे असेल तर याच हिशेबाने ५ टेराबाइटहून अधिक जागा लागते. नव्या पद्धतीच्या यंत्रात चित्रण अधिक दाबून साठवता येते, त्यामुळे जागा निम्म्यावर येऊ शकते. परंतु विक्रेत्याला "किती दिवसांचे राहील?" असे विचारून उत्तर बिलावर लिहून घ्यावे. डिस्क चोवीस तास चालण्यासाठी बनविलेली घ्यावी, घरच्या संगणकाची नव्हे.

विजेचा हिशेबही असाच आहे. आठ कॅमेरे आणि रेकॉर्डर मिळून साधारण ६५ वॅट लागतात असे धरले, तर छोट्या यूपीएसमधील १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासाची बॅटरी कागदावर ८४ वॅट-तास देते. गळती वजा जाता पाऊण तासही निघत नाही. बॅटरी दोन-तीन वर्षे जुनी असेल तर दहा मिनिटे. वीज जाते तेव्हाच जिन्यात अंधार होतो आणि नेमके तेव्हाच कॅमेरेही बंद पडतात.

कॅमेरा कोठे लावावा? गेटच्या आत, साधारण नऊ-दहा फुटांवर, येणाऱ्याचा चेहरा दिसेल असा. आपल्याकडे तो पहिल्या मजल्याच्या सज्जाला लावतात आणि मग सर्व चित्रणात टोप्या आणि टकले दिसतात. कॅमेऱ्याच्या समोर थेट उजेड असेल तर माणूस काळा ठिपका दिसतो, म्हणून दुपारी आणि रात्री दोन्ही वेळा चित्र तपासून मगच खिळा ठोकावा. कोणाच्या दारात, खिडकीत किंवा कपडे वाळत घालण्याच्या जागेत कॅमेरा डोकावता कामा नये. चित्रण कोण पाहू शकेल हे सर्वसाधारण सभेत ठरवावे, दोन जणांच्या उपस्थितीतच पाहावे आणि कोणी कधी का पाहिले याची नोंद ठेवावी. एखाद्या मुलीचे जिन्यातील चित्रण काढून ग्रुपवर फिरवणारा कमिटी सदस्य हा चोरापेक्षा जास्त धोकादायक आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

पासवर्डचे एक उदाहरण देतो. २०१६ साली 'मिराई' नावाच्या एका घातक प्रोग्रॅमने जगभरातील लाखो कॅमेरे आणि रेकॉर्डर ताब्यात घेतले. चावी होती ती कारखान्यातून आलेल्या, कोणीही न बदललेल्या पासवर्डची. त्या यंत्रांच्या साहाय्याने ऑक्टोबर २०१६ मध्ये अमेरिकेत मोठमोठी संकेतस्थळे काही तास बंद पाडण्यात आली. आपल्या जिन्यातील कॅमेराही इंटरनेटला जोडलेला असतो. पहिल्याच दिवशी पासवर्ड बदलावा आणि तो बंद पाकिटात सेक्रेटरी व खजिनदार यांच्याकडे असावा.

हे आम्ही ठेच लागून शिकलो. आमच्यातील एकाच्या सोसायटीत दोन मोटारसायकली चोरीस गेल्या. मोठ्या उत्साहाने सर्व जण रेकॉर्डरपुढे जमले, तर पडद्यावर आठही चित्रे चालू, पण मागचे काहीच निघेना. हार्ड डिस्क तीन आठवड्यांपूर्वीच बंद पडली होती. चित्र दिसते म्हणजे ते साठवले जाते असे नाही, हे तोपर्यंत कोणाला माहीत नव्हते. पासवर्ड फक्त ठेकेदाराकडे होता आणि बिलाच्या वादावरून तो फोन उचलत नव्हता. ठेकेदाराची चूक होतीच. पण तीन आठवड्यांत एकदाही मागचे चित्रण कोणी उघडून पाहिले नाही, ही चूक आपली.

तेव्हापासून देखभालीची एक वही केबिनमध्ये लटकवलेली आहे. सकाळची पाळी सुरू होताना रक्षकाने सर्व चित्रे दिसतात का ते पाहून सही करायची. दर रविवारी कमिटीच्या एकाने आदल्या रात्री दोन वाजताचे चित्रण उघडून पाहायचे आणि रेकॉर्डरचे घड्याळ आपल्या घड्याळाशी जुळवायचे. महिन्यातून एकदा काचा पुसायच्या. रात्री दिसण्यासाठी कॅमेऱ्यातून जो न दिसणारा उजेड पडतो त्याकडे किडे येतात आणि किड्यांमागे कोळी. जाळे लागले की रात्रभर पांढऱ्या धुक्याशिवाय काही दिसत नाही. मे महिन्यात वायरींचे सांधे डबीत बंद करून घ्यायचे, कारण पहिल्या पावसात निम्मे बिघाड तेथेच होतात. उरलेले उंदीर करतात. वार्षिक देखभालीच्या करारात सुटे भाग धरले आहेत की केवळ येणे-जाणे, तक्रारीनंतर किती तासांत माणूस येईल आणि करार संपल्यावर पासवर्ड व नकाशा परत देण्याची अट, ही तीन कलमे पाहिल्याखेरीज सही करू नये.

चित्रण मिळाले तरी ते न्यायालयात टिकले पाहिजे. याबाबतचा महत्त्वाचा खटला आपल्या महाराष्ट्रातलाच आहे. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत जालना मतदारसंघात अर्जुन खोतकर यांचा उमेदवारी अर्ज दुपारी तीनची मुदत संपल्यावर दाखल झाला की आधी, असा वाद होता आणि निवडणूक अधिकाऱ्यांच्या कार्यालयातील व्हिडिओ चित्रण हा त्यातील पुरावा होता. प्रतिपक्षी कैलास गोरंट्याल होते. सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी निकाल देताना सांगितले की मूळ यंत्रच न्यायालयात आणले नसेल, तर चित्रणाच्या प्रतीसोबत कायद्यातील प्रमाणपत्र आवश्यक आहे. १ जुलै २०२४ पासून जुन्या पुरावा कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आला असून त्याच्या कलम ६३ मध्ये ही प्रमाणपत्राची तरतूद आहे. सोसायटीने लक्षात ठेवायचे ते इतकेच की घटना घडताच तेवढ्या वेळचे चित्रण पुसले जाण्यापूर्वी वेगळे काढावे, ते काटछाट न करता ठेवावे, पडद्याचा मोबाईलने काढलेला व्हिडिओ म्हणजे पुरावा असे समजू नये, आणि पोलिसांना दिलेल्या प्रतीची पोच घ्यावी.

कुलूप आणि आग

आता ज्या मुद्द्यासाठी हा लेख लिहावासा वाटला त्याकडे येतो. चोर आत येऊ नये म्हणून आपण जे करतो तेच आग लागल्यावर माणसाला बाहेर पडू देत नाही. १८ डिसेंबर २०१७ च्या पहाटे खैरानी रोडवरील एका फरसाणच्या गाळ्याला आग लागली आणि आत झोपलेले १२ कामगार मृत्युमुखी पडले. पोटमाळ्यावर झोपलेल्या त्या माणसांना बाहेर पडता आले नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये गोरेगाव पश्चिमेकडील पुनर्वसन योजनेच्या एका इमारतीत तळमजल्यावरील वाहने आणि कापडाचे गठ्ठे पेटले, धूर जिन्यातून वर चढला आणि किमान सात जणांचे प्राण गेले. ती इमारत आपल्या इमारतीसारखीच होती.

महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम २००६ सालचा असून तो डिसेंबर २००८ पासून लागू आहे. इमारतीतील अग्निशमन यंत्रणा चालू स्थितीत आहे असे परवानाधारक संस्थेकडून तपासून घेतलेले प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैमध्ये, द्यावे लागते. त्यास 'फॉर्म बी' म्हणतात. पैसे देऊन कागद आणणे आणि यंत्रणा तपासणे यांत फरक आहे. तपासणीच्या दिवशी कमिटीच्या दोघांनी सोबत राहून शेवटच्या मजल्यावरचा नळ उघडायला लावावा. पाणी जोरात आले तरच सही.

उरतो तो कुलपांचा प्रश्न. गच्चीला कुलूप हवे असे महिला सभासदांचे म्हणणे होते आणि त्यात तथ्य होते, कारण संध्याकाळी तेथे बाहेरची मुले बसत. कुलूप नको असे आमच्यातील अग्निशमनाचा कोर्स केलेल्या एका तरुणाचे म्हणणे होते. (नागपूरला राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय आहे आणि तेथे अग्नि अभियांत्रिकीची पदवी घेता येते, हे विद्यार्थ्यांसाठी सांगून ठेवतो.) पुष्कळ वादानंतर गच्चीच्या दाराला आतून किल्लीशिवाय उघडणारी कडी बसवली आणि दार उघडले की केबिनमध्ये घंटा वाजेल अशी वायर ओढली. खिडक्यांच्या ग्रिलपैकी एक भाग उघडणारा असावा आणि त्याची चावी खिळ्याला ठराविक जागी असावी, असाही ठराव केला. पुष्कळ घरांनी तो अमलात आणला, काहींनी अद्याप नाही.

मग गेल्या हिवाळ्यात बाहेर पडण्याचा सराव केला. घंटा वाजवली, लिफ्ट बंद केली आणि सर्वांना जिन्याने खाली यायला सांगितले. तिसऱ्या मजल्यावरील अंथरुणाला खिळलेल्या एका आजींना खुर्चीत बसवून चौघे जण उतरवू लागले, तर दुसऱ्या मजल्याच्या वळणावर खुर्ची अडकली. तेथे एक लोखंडी कपाट, दोन सायकली आणि पाण्याचे पिंप होते. खुर्ची तिरकी करून, कपाटावरून उचलून आजींना खाली आणावे लागले. आजी हसत होत्या, बाकी कोणी हसत नव्हते. सायकली आणि पिंप त्याच संध्याकाळी हलले. कपाटाचा विषय येत्या सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर सहाव्या क्रमांकावर आहे.